चर कोण शिंपणार

बूच निघताना झालेला आवाज तसा मोठा नव्हता, पण शेतातल्या कोपीच्या दारात बसलेल्या चनमल्लप्पांना तेवढा पुरला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला आणि टेबलाकडे पाठ करून बसले.

त्यांच्या सुनेनं, महेश्वरीनं, दुसरी बाटली घेतली.

"हळू की वो ताई," केराबाई म्हणाली. "आप्पा बघायल्यात."

"बघत नाहीत. पाठ फिरवलीय त्यांनी."

"त्यास्नी पाठीनंच लई दिसतं."

केराबाई या शेतात महेश्वरी सून होऊन यायच्या आधीपासून राबत होती, त्यामुळे तिला खरं बोलायची मुभा होती आणि ती ती पुरेपूर वापरायची. आत्ता तिच्यापुढे भज्जीचं पातेलं होतं. कोवळा हरभरा, तुरीचे दाणे, पावटा, वाटाणा, चिंच, पातीचा लसूण असं सगळं एकत्र शिजून त्याचा वास ज्वारीपर्यंत गेला होता. शेजारी बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर. वर्षातून एकदाच, येळवशीच्या अमावास्येला, शेतात बसून जेवायचं जेवण. कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून दुपारी पूजा झाली होती. इथवर सगळं दरवर्षीसारखंच होतं.

दरवर्षीसारखं नव्हतं ते ज्वारी आणि द्राक्षबागेच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. तिथं पांढरी चादर घातलेलं लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना सोलापूरच्या वाइन मंडळाची माणसं बसली होती. डॉक्टर होते, वकील होते, दोन सीए होते आणि त्यांच्या बायका होत्या. काहींनी बायकोच्या आग्रहानं सभासदत्व घेतलं होतं, काहींनी बायकोला न सांगता घेतलं होतं आणि नंतर बायकोलाच त्याची गोडी लागली होती. प्रत्येकापुढे तीन-तीन ग्लास. कोणत्या ग्लासात आधी काय, याची पुरती खात्री कुणालाच नव्हती. सगळे अध्यक्षांच्या हाताकडे बघून हात उचलत.

मंडळाचं वर्षअखेरचं जेवण एरवी हॉटेलातल्या गार हॉलमध्ये व्हायचं. यंदा यजमानपद महेश्वरीकडे आलं आणि तिनं सांगून टाकलं, "येळवशीचं जेवण, माझ्या शेतात. आणि भज्जीबरोबर माझी वाइन."

अध्यक्ष अभिमन्यू घाडगे यांचा टॉवेलचा कारखाना होता. माणूस गोड. नकारसुद्धा असा घडी घालून द्यायचे की घेणाऱ्याला तो भेटवस्तू वाटावा.

"कल्पना झकास आहे, वहिनी," ते तेव्हा म्हणाले होते. "फक्त तुमची बाटली आपण शेवटी ठेवू. बडीशेपेच्या वेळी. गंमत म्हणून."

"बडीशेपेच्या वेळी बडीशेप देऊ," महेश्वरी म्हणाली होती.

आता ते ग्लास हातात घेऊन टेबलाच्या टोकाशी आले. तिथली मधली खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती.

"वहिनी, शिवराजराव किती वाजता पोचतायत? यजमान आल्याशिवाय सुरुवात कशी करायची?"

"यजमान मी आहे."

"ते आहेच हो. म्हणजे, घरचं कुणी..."

"बसा ना तुम्ही," महेश्वरी म्हणाली आणि उघडलेली बाटली त्यांच्याच हातात देऊन पुढे गेली. अध्यक्ष बाटली धरून उभे राहिले.

शिवराज तिचा दीर, पुण्यात असतो. येळवशीला मात्र कधी चुकला नाही. सकाळी गाडीनं यायचा, चर शिंपायचा, जेवायचा आणि डिकीत हुरड्याची कणसं, भाज्या, शेंगा भरून दिवस मावळायच्या आत निघायचा. शेताला काय हवं-नको हे त्यानं विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण आंबिलीचं मडकं त्याच्याच हातात असायचं आणि प्रश्न तिथंच होता.

चर शिंपायचा म्हणजे आंबिलीचं मडकं घेऊन शेताच्या कडेनं फिरायचं, लिंबाच्या डहाळीनं पिकावर आंबील उडवायची. पुढचा ओरडतो, "ओलगे ओलगे!" मागचा तांब्यातल्या पाण्याची धार सोडत चालतो आणि उत्तर देतो, "सालम पोलगे!" याचा नेमका अर्थ विचारायच्या भानगडीत शिवारात कुणी पडत नाही. पण पुढे कोण चालतो, याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पुढे चालतो तो शेताचा धनी. नंदीशचं महेश्वरीशी लग्न झालं त्या वर्षी चनमल्लप्पांनी मडकं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः तांब्या घेऊन मागे झाले. शेत त्या दिवशी नंदीशचं झालं. तलाठ्याकडे नाव लागलं ते नंतर, सावकाश.

मग नंदीश गेला. त्या वर्षीची येळवस सुतकातच गेली. पुढच्या वर्षी आप्पांनी मडकं उचललं, जरा वेळ हातात धरलं आणि पुण्याहून आलेल्या शिवराजला दिलं. महेश्वरी तेव्हा चुलीपाशी उंडे वळत होती. तिनं पाहिलं आणि वळत राहिली.

तेव्हापासून ती जुळे सोलापुरातल्या घरातनं रोज स्कूटरनं शेतावर येते. जुनी खायच्या द्राक्षांची बाग तिनं काढली आणि वाइनच्या द्राक्षांची लावली. "दारूचा बाग" हे नाव आप्पांनी ठेवलं. ज्या घरात कपाळावर विभूती लावल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही, त्या घराच्या शेतात दारूचा बाग! चारचौघांत ते बागेकडे बघतसुद्धा नसत. पण मणी भरले की पहाटे गोफण घेऊन पाखरं हाकायला कोण उभं असतं, हे केराबाईला ठाऊक होतं. तिनं विचारलंही होतं एकदा. "पाखरांनी दारू पिऊ न्हाय म्हणून," आप्पांनी सांगितलं होतं.

आता उन्हं कलली होती. टेबलावर पहिल्या वाट्या मांडून झाल्या होत्या. महेश्वरी कोपीपाशी गेली.

"आप्पा, पाहुणे बसलेत. चर राहिलाय."

"बाटल्याबी बसल्यात की."

"चर झाल्याशिवाय कुणी घास घेणार नाही."

"मंग बाटल्या उचल. मी शिंपतो." आप्पांनी अजून तोंड वळवलं नव्हतं. "न्हायतर शिवराजला बोलव."

"शिवराज येणार नाहीत. तुमचा नकार आहे म्हणून सांगितलं त्यांनी फोनवर."

"शाना हाय."

"शहाणेच आहेत. नकार देताना तुमचं नाव सांगतात, कणसं नेताना सांगत नाहीत."

केराबाईनं पातेल्यात डाव उगाच दोनदा फिरवला.

"बाटल्या उचलणार नाही मी," महेश्वरी म्हणाली. "याच मातीतून आल्यात त्या. ज्वारीला एक माती आणि द्राक्षाला दुसरी, असं नसतं."

"माती कुणाची, ते इचारलंस का कधी?"

त्यांच्या शेजारी ठेवलेलं आंबिलीचं मडकं तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि कमरेवर घेतलं.

आप्पा आता वळले. "मी शिंपणार न्हाय. आदीच सांगून ठिवतो."

"बरं," महेश्वरी म्हणाली आणि लिंबाची डहाळी घेऊन बांधाकडे निघाली.

"अवो ताई, बाईमाणसानं..." केराबाई उठली.

"बाईमाणसानं बाग लावला, तेव्हा नाही कुणी म्हणालं."

"म्हनत हुते की. तुमी आइकलं न्हाय."

"मग आताही ऐकत नाही. तू तांब्या घेतेस का मागनं?"

केराबाईनं तांब्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "मी न्हाय बया," ती म्हणाली आणि खाली बसली.

बांधावर पोचल्यावर महेश्वरीनं चपला काढल्या. डहाळी मडक्यात बुडवली, ज्वारीवर झटकली. आजवर हे शब्द तिनं चुलीपाशी बसून ऐकले होते, ओरडले कधीच नव्हते. घसा साफ करून ती ओरडली, "ओलगे ओलगे!"

उत्तर आलं नाही. टेबलाशी बोलणं थांबलं. कमरेएवढ्या ज्वारीतून वारा गेला.

ती चालत राहिली. डहाळी बुडवायची, झटकायची, चार पावलं. "ओलगे ओलगे!"

"चिअर्स!" टेबलाकडून कुणीतरी ग्लास उंचावून उत्तर दिलं. मंडळी हसली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हाक आली की काहीतरी परत द्यायचं, एवढंच त्यांना समजलं होतं. पुढच्या हाकेला सगळ्यांनी एका सुरात "चिअर्स" म्हटलं, एका डॉक्टरीणबाईंनी तर उभ्या राहून.

महेश्वरीनं मान वळवली नाही. पुढची हाक आणखी मोठ्यानं दिली. हाकेत आता नुसता आवाज होता. मडकं कमरेला काचत होतं, आंबील साडीवर सांडत होती. विहिरीच्या कोपऱ्यावर तिचा आवाज चिरकला. तिनं क्षणभर थांबून श्वास घेतला, मडकं दुसऱ्या कडेवर घेतलं. तिथून उजवीकडे वळलं की ज्वारी संपत होती.

"ओलगे ओलगे!"

"सालम पोलगे!"

आवाज इतक्या जवळून आला की डहाळी तिच्या हातात तशीच राहिली. पाठोपाठ मातीवर पाण्याची धार पडल्याचा आवाज झाला. धोतराचा सोगा खोचलेले, अनवाणी, हातात तांब्या घेतलेले चनमल्लप्पा दोन हात मागे उभे होते. धाप लागली होती. ते निम्मं शेत जवळजवळ पळत आले असणार.

"चेअर म्हने चेअर," ते पुटपुटले. "खुर्च्या मागायल्यात का काय."

"आप्पा, तुम्ही तर म्हणाला होता..."

"शिंपणार न्हाय म्हनलोतो. पाणी धरणार न्हाय म्हनलो न्हवतो."

महेश्वरीनं डहाळी पुन्हा मडक्यात बुडवली.

तिकडे टेबलापाशी हसणं केव्हाच थांबलं होतं. अभिमन्यू घाडग्यांनी हातातली बाटली खाली ठेवली, ग्लासही ठेवला आणि काय करावं न सुचून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचेही उठले. केराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

समोर द्राक्षबागेच्या ओळी होत्या. त्या शेताच्या हद्दीतच होत्या, पण लावल्यापासून एकाही येळवशीला चर त्यांच्याकडे वळला नव्हता. शिवराज विहिरीवरून सरळ कोपीकडे जायचा, आणि त्याच्यामागून आप्पा. महेश्वरीची पावलं तिथं अडली. तिनं मान वळवून मागे पाहिलं.

आप्पा तांब्यात बघत होते. पाणी किती उरलंय ते पाहत असावेत.

"मागं बगायचं नसतं," ते तांब्यातून नजर न काढता म्हणाले. "चाल. बाग ऱ्हायलाय अजून."