एका हाताने उघडणारा चाकू

धाकटी गेल्यावर वहिनीने चाकू घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने कपाळावर हात मारला. "बैल गेला आणि झोपा केला," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने इतका शरमला की अर्ध्या ताटावरून उठला. गेलेली ती त्याची सख्खी बहीण होती.

वहिनी तशी एकट्या धाकटीचीच वहिनी. पण दोघी पार्सलच्या गोदामात एकाच पट्ट्यावर कामाला होत्या, आणि धाकटीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. तिचं दिवसभराचं "वहिनी, वहिनी" ऐकून सुपरवायझरसकट अख्खी शिफ्ट हिला वहिनी म्हणू लागली. पट्ट्यावरून खोकी यायची, या दोघी पत्ता वाचून ती डावीकडे नाहीतर उजवीकडे ढकलायच्या. एका दुपारी एक खोकं अडकलं. धाकटी ते काढायला वाकली आणि तिच्या स्कार्फचं टोक रोलरमध्ये गेलं.

कुणीतरी बटण दाबलं, पट्टा थांबलासुद्धा. पण थांबून काय उपयोग? स्कार्फ एकीकडून रोलरला गच्च गुंडाळला गेला होता आणि दुसरीकडून गळ्याला. वहिनीने नखं लावली, दात लावले. एकजण सुपरवायझरच्या टेबलावरची कात्री आणायला धावला. कात्री कुणी पळवू नये म्हणून ती टेबलाला साखळीने बांधलेली होती. तो साखळीशी झटापट करत राहिला आणि शेवटी हात हलवत परत आला.

सुपरवायझर घरी भेटायला आला तेव्हा सासूबाईंना म्हणाला, "क्षणात झालं सगळं. तिला कळलंसुद्धा नाही. कुणाला काही करायला वेळच नव्हता." मग येणारा-जाणारा तेच म्हणू लागला. नवराही तेच म्हणाला. सासूबाई भिंतीकडे बघत मान हलवत राहिल्या. वहिनी शेजारीच बसली होती. वेळ होता, हे तिला पक्कं माहीत होतं. खिशात चाकू असता तर धाकटी त्या संध्याकाळी घरी आली असती. सासूबाईंनी कधी तोंडावर विचारलंच तर काय सांगायचं, या एका भीतीने तिला अन्नपाणी गोड लागेनासं झालं.

गोदामाने मात्र लगेच सुधारणा केल्या. स्कार्फवर बंदी आली. ओळखपत्र फितीने गळ्यात अडकवणं सक्तीचं झालं. आणि कात्रीची साखळी लांब केली. एवढी अक्कल एकाच कचेरीत मावली कशी, याचंच नवल.

वहिनीने आयुष्यात स्वयंपाकघराबाहेर चाकू हातात धरला नव्हता. नवशिक्या माणसाचं होतं तेच तिचं झालं. रस्त्यावरच्या गाडीवर जो सगळ्यात भयंकर दिसत होता तो तिने उचलला. मुठीवर कवटी, पात्याला दाते, बाटली उघडायचा आकडा, वर एक दात कोरायची काडीही. वजनाने खिसा लोंबायला लागला. संध्याकाळी ती मागच्या खोलीत दिवा लावून, खाचेत नख घालून ते पातं उपसत बसली होती. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"वहिनी, यानं खोकी कापणार आहेस की दरोडा घालणार आहेस?"

धाकटी उंबरठ्यावर बसली होती. अंगात गोदामाचा निळा शर्ट, बाहीला चिकटपट्टीचा तुकडा, गळ्यात तो स्कार्फ. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. धाकटीची मेल्यावरही गेली नव्हती.

वहिनी ओरडली नाही.

"उघडून दाखव ना," धाकटी म्हणाली. "एका हातानं."

"एका हातानं नाही उघडत हा."

"मग दुसऱ्या हातानं मला धरशील कशी?"

वहिनीने खाली चाकूकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा उंबरठा रिकामा होता, आणि चिकटपट्टीच्या गोंदाचा वास मात्र खोलीभर होता.

दुसऱ्या दिवशी ती धारवाल्याकडे गेली. शिंपी आणि न्हावी त्यांच्या कात्र्या ज्याच्याकडे द्यायचे, असं ते बोळातलं अरुंद दुकान. धारवाला चिडका होता आणि गिऱ्हाइकाला हाकलून देण्यात त्याला विशेष गोडी होती. कवटीचा चाकू त्याने मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

"कशाला पाहिजे चाकू?"

"कापायला."

"ते मलाही कळतं. काय कापायला?"

वहिनीने काउंटरवरच्या कात्र्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कापड. ताणलेलं."

धारवाल्याने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि पुढे एकही खवचट शब्द काढला नाही. काउंटरवर त्याने तीन साधे मिटणारे चाकू मांडले. "मुठीत धर. करंगळीला जागा मिळते का बघ. पातं तुझ्या बोटाएवढं, त्याहून मोठं नको. दातेरी घेऊ नकोस, दोर झकास कापतं पण घरी धार लावायला रडशील. हा खटका बघ, उघडल्यावर पातं अडकवून धरतो, म्हणजे बोटावर मिटणार नाही. आणि ही खुंटी अंगठ्यानं ढकलायची."

तिने तिन्ही उघडून पाहिले. एक हाताला बोजड, एक इतका घट्ट की अंगठा सोलून निघेल. तिसरा, सगळ्यात साधा, काळ्या मुठीचा, चटकन उघडला.

"हाच घे. पोलाद जरा मऊ आहे, पण गंजत नाही आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालतं. आणि एक ऐक. रोज एकाच खिशात ठेव. आज खिशात, उद्या पिशवीत असं केलंस, तर असून नसल्यासारखा."

गोदामात सुपरवायझरने तो उलटसुलट करून पाहिला. "चिकटपट्टी कापण्यापुरता चालेल," तो म्हणाला. परवानगी देताना असा चेहरा केला की जणू स्वतःची किडनी देतोय.

संध्याकाळ झाली की वहिनी मागच्या खोलीत चाकू घेऊन बसायची आणि धाकटी यायची. आधी उंबरठ्यावर. मग खोलीच्या आत, दाराला टेकून. मग दिव्याच्या उजेडाच्या अगदी कडेला. येताना पाऊल वाजायचं नाही, फक्त गोंदाचा वास आधी यायचा. वहिनीच्या मानेवर काटा यायचा तो तिथेच राहायचा. तरी ती खोली बदलेना आणि दार लावेना. दार लावलं तर ती कुठे जाईल, हा विचार तिला जास्त भयाण वाटायचा.

पातं गोंदाने बरबटून अडकायला लागलं, तेव्हा वहिनीने सांध्यात डोक्याचं तेल ओतलं.

"चाकूला काय वेणी घालणार आहेस?" धाकटी म्हणाली.

आठवड्याभरात ते तेल चिकट झालं, त्यात खिशातला सगळा केर जाऊन बसला आणि चाकू पहिल्यापेक्षा घट्ट झाला. वहिनी खाली मान घालून परत धारवाल्याकडे गेली. त्याने आधी पोटभर बोलून घेतलं आणि मग शिलाई मशीनच्या तेलाची लहानशी बाटली दिली. सांध्यातली घाण काडीने काढायची, गोंद रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, तेल एकच थेंब, आणि वर आलेलं पुसून टाकायचं. धार लावायची रीतही त्यानेच सांगितली. पात्याच्या कडेला काळ्या पेनाने रेघ मारायची आणि ओल्या दगडावर घासायचं. रेघ सगळीकडून सारखी गेली तर हात बरोबर तिरपा आहे, मध्येच राहिली तर हात डुलतोय.

पहिले काही दिवस रेघ मध्येच राहायची. हात डुलतच होता. डुलणार नाही तर काय, समोर बसलेली पोर पापणी न हलवता हातांकडेच बघत असायची. हळूहळू हात बसला. दोन्ही बाजू सारख्या घासून, उरलेली खरखरीत कड जुन्या चामडी पट्ट्यावर ओढून मोडली, की कागद उभा धरला तरी पातं त्यातून आवाज न करता खाली यायचं.

"आता उघड," धाकटी म्हणायची. "मिट. परत उघड. डोळे मिटून उघड."

वहिनीच्या अंगठ्याला घट्टा पडला. बाहेरच्या खोलीत सासूबाई एकट्याच बसलेल्या असायच्या. खटक्याचा आवाज सुरू झाला की त्या रेडिओ बंद करायच्या. त्यांना या आवाजाचा त्रास होतो असं वहिनीला वाटायचं, म्हणून ती फडक्याखाली खटका दाबून बघायची.

एकदा धाकटी अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसली. "वहिनी, आईला सांगितलंस का?"

"काय?"

"काय ते तुला ठाऊक आहे."

वहिनीच्या हातातला दगड थांबला. "सांगून काय होणार? त्या जगतील का ते ऐकून? तू परत येणार आहेस का?"

"आलेच आहे की," धाकटी म्हणाली आणि हसली. हसायला लागणारा श्वास मात्र त्या हसण्यात नव्हता.

धाकटीच्या जागी पट्ट्यावर एक नवीन मुलगी लागली होती. सगळे तिला नवीच म्हणत. कामाला चपळ, पण वाकायची फार. वहिनी तिला दिवसातून दहा वेळा दटावायची. त्या दिवशी दटावायचं तोंडात होतं तेवढ्यात नवी वाकली, ओळखपत्र पट्ट्यावर लोंबलं आणि रोलरने ते ओढून घेतलं. फीत ताडकन ताणली. नवीचं डोकं खाली गेलं.

वहिनीला नंतर आठवेना की खिशात हात कधी घातला. डाव्या हाताने तिने नवीचा खांदा मागे धरला होता आणि उजवीकडे खटका वाजला होता. डाव्याच हाताचं बोट पाठीकडून मानेमागे घालून फीत उचलली, पातं बाहेरच्या बाजूला फिरवलं. फीत तुटली. नवी मागच्या मागे फरशीवर बसली आणि तिला उचक्या लागल्या. बटण दाबायला धावलेला माणूस अजून वाटेतच होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "परवानगी मी दिली होती," असं सुपरवायझर चार जणांना सांगून आला. वहिनी उघडा चाकू हातात घेऊन उभी होती. इतकंच होतं? एवढंच लागलं असतं? ती नवीशेजारी खाली बसली. रडत होती ती नवीसाठी नाही.

घरी सांगायचं नाही असं तिने वाटेत पक्कं केलं. पण संध्याकाळी दार वाजलं. नवीची आई फळांची पिशवी घेऊन उभी होती. बाईने आत येऊन सासूबाईंचे हातच धरले. "तुमच्या सुनेनं माझी पोर मला परत दिली हो! डोळ्याचं पातं लवायच्या आत कापलं बघा. क्षणाचंही काम नव्हतं म्हणते पोर. देव तुमचं भलं करो." या घरातून कोण गेलं आहे, हे त्या बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी तिला बसवलं, चहा पाजला, पोरीला जप म्हणून सांगितलं आणि दारापर्यंत सोडायला गेल्या. मग परत येऊन वहिनीसमोर बसल्या.

"दाखव."

वहिनीने चाकू पुढे ठेवला.

"उघड."

तिने उघडला. एका हाताने, अंगठ्याने. सासूबाईंनी पात्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तेव्हा वेळ होता का गं?"

खोलीत गोंदाचा वास यायला लागला. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. 'नव्हता, आई' हे दोन शब्द तयार होते, घरातल्या सगळ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेले. ते म्हटले असते तर म्हातारीला रात्री झोप लागली असती. आणि मागे उभी असलेली ती मग पुन्हा कधी हसली नसती.

"होता," वहिनी म्हणाली. "पट्टा थांबला होता, आई. एकजण कात्री आणायला गेला, कात्री साखळीला बांधलेली, तो तसाच परत आला. तेवढा वेळ मी तिला धरून होते. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याजवळ काही नव्हतं."

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला आणि सावकाश खाली घेतला.

"ती येते माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कामावर गेलात की. इथंच बसते आणि म्हणते, आई, वेळ होता गं. रोज एकच. आणि तुम्ही सगळे म्हणता, वेळ नव्हता. मला वाटलं, मला वेड लागलं. नाहीतर माझी पोर मेल्यावर खोटं बोलायला शिकली."

वहिनीने त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तो उचलला नाही आणि झटकलाही नाही.

"तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला जमायचं नाही ते. पण तुझं अंथरूण आजपासून इथं घाल, माझ्याजवळ. तिचं ऐकायला आता मी एकटी नको."