खडूची तिरकी रेघ

शिंपी मरण्याआधी बायकोला बजावून गेला होता, "निवडुंगाला महिन्यातून एकदाच पाणी. फाजील लाड नकोत." पण त्याला पाणी घातल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरेना. ती रोज वाटीभर ओतायची. चौथ्या महिन्यात त्या खांबासारख्या उंच निवडुंगाचं बूड पिचपिचीत झालं.

"वहिनी, मायेनं कुजवलंस गं!" नणंद म्हणाली. "शेंडा तरी वाचव."

तिनं शेंडा कापला, आठवडाभर सावलीत सुकवला आणि कोरड्या वाळूत लावला. जगेल ना हा?

नवरा दर महिन्याला निवडुंगाची उंची भिंतीवर खडूच्या तिरक्या रेघेनं आखायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर भिंतीवर शेंड्याच्या टोकाशी ताजी, तिरकी रेघ, त्याच्याच हातची. खडूचा डबा तर कुलपात होता.

"बरं, नाही घालत हो," ती पुटपुटली आणि तिनं वाटी पालथी ठेवली.