बांधाच्या अलीकडची माती

डॉक्टरीणबाईंनी प्रशांतचा उजवा पाय उचलून टाच उजेडाकडे वळवली, भेगांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, की उसाला पाणी देताना पायात काय घालता?

प्रशांत हसला. चिखलात कुणी काय घालतं?

त्याची बायको भारती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पावसाळ्यापासून नवऱ्याचा ताप हटत नव्हता. नेवाशात छातीचा फोटो पाहून टीबी म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या, पण माणूस झिजतच गेला. शेवटी नगरला आणला. इथं रक्तातला जंतू वाढवून पाहिला, तर तो टीबीचा नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं लांबलचक नाव भारतीच्या ध्यानात राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, की हा जंतू ओल्या मातीत राहतो, पाण्याबरोबर वर येतो आणि भेगेतून, खरचटल्यातून अंगात शिरतो. साखरेचं दुखणं असलेल्या माणसाला तर लवकर धरतो, आणि प्रशांतला ते होतं. माणसापासून माणसाला मात्र सहसा होत नाही.

"मग मला कसं न्हाई झालं?" भारतीनं विचारलं. "पाण्याची दारं तर मीबी धरते. माझ्या भेगा ह्यांच्याहून मोठ्या हायेत."

"तुम्हाला साखर नाही. आणि हे जंतू सगळीकडे सारखे नसतात. एका ठिकाणी सापडतात, शेजारी सापडत नाहीत."

"आमच्या रानात कुठं हायेत?"

"ते माती तपासल्याशिवाय मलाही नाही सांगता येणार."

भारतीनं समजल्यासारखी मान हलवली. लहानपणी विळा लागला, की आई चिमूटभर माती दाबायची आणि रक्त थांबायचं. त्या मातीचं आता काय करायचं, हे तिला उमगेना.

सुया संपल्या, पुढच्या कित्येक महिन्यांच्या गोळ्या घेऊन दोघं घरी आली. टीबीचं कळल्यापासून थोरला दीर श्रीमंत अंगणाबाहेरूनच विचारपूस करायचा. भारतीनं स्वतः जाऊन त्याला सांगितलं, की हे मातीतलं दुखणं हाय, माणसापासून होत न्हाई. त्याच संध्याकाळी श्रीमंत आत आला, खाटेवर भावाला टेकून बसला, चहा प्याला. जाताना त्याचे डोळे भरले होते. प्रशांत किती दिवसांनी पोटभर जेवला.

संक्रांतीनंतर उसाची लागण होती. कामाला सांगून ठेवलेल्या बाया भारतीच्या रानात फिरकल्याच नाहीत. बांधापलीकडे श्रीमंतच्या वावरात कांदे लावत बसल्या. विचारल्यावर त्यातली एक खाली बघत म्हणाली, की तुमच्या रानात रोग हाय म्हणून श्रीमंतभाऊंनीच सांगितलं.

भारतीला राग यायला हवा होता. पण ते तर तिनंच त्याला सांगितलेलं. भावाला जवळ घेणारा माणूस खोटा, असंही म्हणवेना. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, खरंच बांधाच्या अलीकडे जंतू असेल आणि पलीकडे नसेल तर?

तिनं एकटीनंच कांड्या लावल्या. कॅनॉलला पाणी सुटलं, तेव्हा प्रशांतला वर कोरड्यात बसवून, दवाखान्यातून आल्यावर त्याच्यासाठी घेतलेले गमबूट घालून दारं धरायला उतरली. बूट ढिले होते, चिखलात रुतून बसायचे. शेवटच्या सरीशी पोचेपर्यंत खालच्या अंगाला बांध फुटला आणि गढूळ पाणी पलीकडच्या वाफ्यात शिरलं. तिथं तिची थोरली जाऊ लंकाबाई अनवाणी उभी राहून मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावत होती.

"आक्का, वर या. तुमच्या पायात काय न्हाई."

लंकाबाई हसली. त्यात वाईट काही नव्हतं.

"अगं, आमच्या रानात न्हाई ते. तुमच्या रानात हाय."

पाणी दोघींच्या मधून वाहत होतं. भारतीनं फावडं उचललं. फूट बुजवायला माती हवी होती. अलीकडची घ्यावी की पलीकडची, हे तिला ठरवता येईना. तोवर पाणी लंकाबाईच्या घोट्यापर्यंत चढलं होतं.