नेत्रावतीच्या वाट्याची पाने

दुबलगुंडीच्या शिवारात महादेवप्पाचा मळा शेवंतीसाठी नावाजलेला होता. परंतु त्या वर्षी त्याचे चित्त शेवंतीवर नव्हते. विहिरीच्या उत्तरेस, आंब्याच्या गर्द सावलीत, त्याने हिरवी जाळी ताणून एक लहानसा मांडव उभारला होता आणि त्या मांडवाखाली काही परदेशी रोपे वाढत होती. दिवसातून कितीदा तरी तो तिकडे जाई, गुडघ्यांवर हात टेकून वाके, प्रत्येक रोपाचा गाभा न्याहाळी आणि निमूटपणे परत येई. घटकाभराने त्याचे पाय पुन्हा तिकडेच वळत.

"अवो, झाडं पळून जायलीत का काय?" त्याची पत्नी रुद्रम्मा शेवंती खुडता खुडता विचारी.

"दांडा निघायलाय का बगायलोय."

"दांड्याला लाज वाटत आसंल. कुणी टक लावून बगायलं तर मी बी घराबाहेर निघायची न्हाई."

त्या फुलाचे नाव फॉक्सग्लोव्ह. पुरुषभर उंचीचा सरळ दांडा, त्याला एका अंगाने लोंबणाऱ्या जांभळ्या घंटा आणि प्रत्येक घंटेच्या आत काळसर ठिपके, असे त्याचे रूप महादेवप्पाने केवळ छायाचित्रात पाहिले होते. ते छायाचित्र त्याच्या कन्येने, नेत्रावतीने, फिनलंडहून धाडले होते. ती तेथील रुग्णालयात परिचारिका होती.

ती गेली तेव्हा महादेवप्पाला तिचे जाणे मान्य नव्हते. तो तिला निरोप द्यायला बीदरपर्यंतसुद्धा गेला नाही. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येई. रुद्रम्मा पोटभर बोले आणि महादेवप्पा ओसरीत बसून दोघींचे बोलणे ऐके. फोन त्याच्या हाती दिला, तर "बरी हायस ना?" यापलीकडे त्याची जीभ रेटत नसे, आणि तिकडून "व्हय, अप्पा" यापलीकडे शब्द येत नसे. मग एके रविवारी ते छायाचित्र आले. फुलाच्या व्यवसायात जन्म काढलेला तो गृहस्थ न राहवून विचारता झाला, "हे कसलं फूल गं?" आणि बापलेकीतला बांध फुटला.

"इथं उन्हाळा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतोय, अप्पा. तेवढ्यात फुलायचं आन् बी धरायचं. लई घाई आसती बिचाऱ्याला."

"आपल्याकडं थंडी तशीच की. आली म्हणंपर्यंत गेली."

"मग थंडीत लावून बगा. पयल्याच वर्षी फुलणारं बी धाडू का?"

बी आले. ते धुळीहूनही बारीक होते. महादेवप्पाने परंपरेप्रमाणे त्यावर माती लोटली आणि त्यातला एकही दाणा उगवला नाही. हे ऐकून नेत्रावती पलीकडे खळखळून हसली. "त्याला उजेड लागतोय, अप्पा, झाकायचं नसतंय!" तिचे ते हसणे त्याने किती काळाने ऐकले होते! उरलेले बी त्याने उघड्यावर पेरले, ओल्या पोत्याच्या गारव्याने जगवले, आणि श्रावणात कोंब आले. त्या दिवसापासून रविवारचा फोन तोच उचलू लागला. पाने किती झाली, रंग कसा आहे, कीड आहे काय, हा त्यांचा संवाद. झाडांवाचून बापलेकीला बोलायला दुसरा विषयच उरलेला नव्हता, ही गोष्ट महादेवप्पा मनोमन जाणून होता. म्हणूनच त्याच्या जिवाला थारा नव्हता. शिवरात्रीनंतर या भागातले ऊन चढते. त्याआधी दांडा निघाला पाहिजे, घंटा उमलल्या पाहिजेत. नाही उमलल्या, तर पुन्हा "बरी हायस ना?"

एक गोष्ट मात्र त्याने पोटात ठेवली होती. नेत्रावतीने प्रारंभीच बजावले होते, "अप्पा, ह्याचं पान, फूल, बी, समदं विषारी हाय. ह्याच्यापासनं काळजाचं औषध करतेत, पर पान पोटात गेलं तर तेच काळीज बंद पडतंय. घरात समद्यांना सांगून ठेवा." तो "व्हय" म्हणाला, परंतु सांगितले कोणालाच नाही. विषाचे झाड मळ्यात आहे हे कळल्यावर रुद्रम्मा ते सूर्य मावळण्यापूर्वी उपटून फेकील, याविषयी त्याला यत्किंचितही शंका नव्हती. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता येळवस आली.

येळवशीच्या अमावस्येला या मुलखात गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. रानात कडब्याची खोप उभारायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. भज्जी म्हणजे ताकात आणि डाळीच्या पिठात शिजवलेली मिश्र भाजी. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे तीत पडतातच. शिवाय आपल्या रानात जे जे हिरवे आहे, त्याचा थोडा तरी पाला पडला पाहिजे. कोणाला वगळायचे नाही, हा त्यातला धर्म. आणि नैवेद्य दाखवून, आंबील शिंपीत शेताची फेरी पूर्ण झाल्याखेरीज कोणी एक कण तोंडात घालायचा नाही, हाही.

महादेवप्पाच्या घरची भज्जी त्याच्या वडीलभावाची विधवा पत्नी ईरम्मा हिच्या हातची. तिच्या हाताला जी चव होती, ती पंचक्रोशीत दुसऱ्या हाताला नव्हती. त्या दिवशी भाऊबंद, सोयरे, हुमनाबादचे दोन व्यापारी, असा पुष्कळ गोतावळा खोपीपाशी जमला होता. नैवेद्य दाखवून झाला. महादेवप्पाने आंबिलीचे मडके खांद्यावर घेतले आणि ईरम्माचा मुलगा शिवराज कडुलिंबाच्या डहाळीने आंबील शिंपडू लागला. फेरी निघाली.

ज्वारी डोक्याच्या वर गेलेली होती. बांधाबांधाने ते विहिरीपर्यंत आले. मडके खांद्यावर असतानाही महादेवप्पाची नजर सवयीप्रमाणे मांडवाकडे वळली, आणि तो जागीच खिळला. बाहेरच्या ओळीतल्या रोपांची पाने खुडलेली होती. किडीने खाल्ली नव्हती, शेळीने ओरबाडली नव्हती. नखाने, देठापासून, नीट खुडलेली होती.

"काका, चला की," शिवराज म्हणाला.

"हितली पानं कुणी तोडली?"

"आमच्या अव्वानं तोडली आसतील सकाळी. भज्जीला पाला काढायली होती."

फेरीत मडके खाली टेकवणे हा मोठा अपशकुन. महादेवप्पाने मडके थेट बांधावर ठेवले आणि तो धावत सुटला.

"काका! फेरी मोडली की वो!"

त्याला ऐकू आले नाही. तो अनवाणी होता. हरभऱ्यातून, ढेकळांतून, करडईच्या काट्यांतून तो पळत होता, आणि दुरून त्याला खोपीपुढच्या पंगती दिसत होत्या. फेरी सरत आली असे समजून ईरम्मा पळी घेऊन वाढायला उभी राहिलेली होती. त्याने ओरडण्याचा प्रयत्न केला, पण श्वासाने साथ दिली नाही. त्या धावण्यातही त्याच्या मनात एक हीन विचार चमकून गेला: भज्जीत उंदीर पडला म्हणून सांगावे, झाडेही वाचतील आणि माणसेही. तो विचार मनात घेऊनच तो चुलीपाशी पोहोचला, आणि त्याने भज्जीचे पातेले लाथेने उलथे केले.

देवाच्या अन्नाला पाय लागला होता.

"येड लागलं का तुला, महादेवा?" ईरम्मा किंचाळली.

"कुणी खाल्लं का? वैनी, कुणी खाल्लं का?"

"फेरीच्या आदी कोण खातंय? कामून?"

त्याने ईरम्माकडे पाहिले. तिच्या वरच्या ओठाला पिवळे पीठ चिकटले होते. उंदराची कथा त्याच्या कंठातच विरली.

"जाळीतली पानं घातली की न्हाई तू?"

"घातली. नेत्राच्या देशाची भाजी ती. समद्यांच्या नावानं पाला पडला, तिच्याच नावानं पडला न्हाई. म्हणलं, पोरगी हितं न्हाई तर तिचा वाटा तरी पडू दे."

"ते विष हाय, वैनी. मला पयल्यापासनं ठावं हाय. मी सांगितलं न्हाई."

रुद्रम्माच्या हातातली परात खाली पडली. "तुमाला ठावं होतं?" एवढेच ती म्हणाली; पण त्या तीन शब्दांनी त्याची मान खाली गेली. व्यापाऱ्यांपैकी एकाने पुढ्यातले पान हळूच दूर सारले.

तेवढ्यात ईरम्मा मटकन चुलीपाशी बसली. सर्वांदेखत बोलणे तिला मरणाहून अवघड वाटत होते, हे तिच्या मुद्रेवर दिसत होते. नैवेद्याआधी चाखणे हे तिने आयुष्यात केलेले नव्हते.

"कडू वास यायला होता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मीठ घालावं का म्हणून बगितलं. दोन पळ्या... तीन आसतील."

शिवराजने जीप काढली. हुमनाबादच्या वाटेवर ईरम्माला दोनदा उलटी झाली. महादेवप्पाने एका हाताने तिला धरले होते आणि दुसऱ्या हातात निघताना मांडवातून खुडून घेतलेले एक पान घट्ट आवळले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी पान उलटसुलट करून पाहिले. महादेवप्पाने नेत्रावतीला फोन लावला. आज रविवार नव्हता.

"अप्पा? काय झालं?"

त्याने सर्व सांगितले, काहीही न झाकता. ती "डॉक्टरांना द्या" म्हणाली आणि डॉक्टरांशी इंग्रजीत बराच वेळ बोलली. ईरम्माच्या छातीला तारा जोडल्या गेल्या. नाडी मंद होती. पडद्यावरची हिरवी रेघ उसळे आणि पडे, आणि महादेवप्पा तिच्यावरून नजर हलवीना. रोपांच्या गाभ्याकडे तो अगदी असाच पाहत असे, हे ध्यानात येऊन त्याला स्वतःची घृणा आली.

नाडी हळूहळू पूर्ववत झाली. तिसऱ्या दिवशी ईरम्मा घरी परतली. त्याआधीच महादेवप्पाने हातांना पिशव्या बांधून सगळी रोपे मुळासकट उपटली होती आणि खोल खड्ड्यात पुरली होती. एका रोपाच्या गाभ्यात बोटाएवढा दांडा वर येऊ लागला होता. तेही त्याने पुरले.

"उपटलास व्हय रे?" ईरम्मा खाटेवरून म्हणाली. "माझा जीव घ्यायला निघालतं त्याचं तोंड तरी बगू द्यायचं होतं."

"वैनी, माफ कर."

"माफी नेत्राला माग. बापानं लपवलेलं तिला निस्तरावं लागलं."

रविवार उजाडला. महादेवप्पा ओसरीत बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला. शेवंतीची खुडणी राहिली होती. तिकडे त्याचे पाऊल वळेना. आता काय विचारील ती? आणि आपण काय सांगावे? फोन वाजला, तेव्हा तो रुद्रम्माकडे पाहू लागला. तिने तोंड फिरवले. तिचा अबोला सुटलेला नव्हता.

"अप्पा, दोड्डव्वा कशी हाय?" तिने थोरल्या चुलतीची चौकशी केली.

"भाकरी खायली. शिव्या बी देयली."

"मग बरी हाय." ती हसली नाही. "माझा लई राग आलता तुमच्यावर."

"येऊ दे." तो थांबला. "झाडं उपटली मी."

"कळलं. शिवराजदादानं सांगितलं."

दोघेही गप्प झाले. ही ती शांतता, जिचे भय त्याने पावसाळ्यापासून उराशी बाळगले होते. ती आता समोर उभी होती, आणि मध्ये घालायला एक पानही त्याच्यापाशी नव्हते.

"नेत्रा," तो म्हणाला, "ते तुझ्याकडं कवा फुलतंय?"

"जुलैमंदी. पंधरा-वीस दिस. मग संपतंय."

"मग मी जुलैला येतो. तिथंच बगतो."

बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघरातून, येळवशीनंतर प्रथमच, रुद्रम्मा त्याच्याशी बोलली.

"बीदरला जायाला जमलं न्हाई, आन् फिनलंडला जायलेत! आदी पासपोर्ट काढा म्हणावं. आन् एकट्याचा नगं, दोघांचा."