डांबरावरून मुरमावर

मित्रांनो, मी शर्यतीची जुनी सायकल आहे आणि या वयात मुरमाच्या रस्त्यावर धावते. तीन वर्षांपूर्वी कोणी असं सांगितलं असतं, तर मलासुद्धा ते खरं वाटलं नसतं.

माझी मालकीण कलावती. १९८६ साली तिच्या वडिलांनी मला भिलाईला आणलं. ते भंडाऱ्याकडून येऊन पोलाद कारखान्यात लागले होते. माझा रंग निळा, टायर बोटभर रुंदीचे, हँडल खाली वळलेलं, मागच्या चाकाला पाच गियर. कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरच्या गुळगुळीत रस्त्यांवर कलावती मला अशी पळवायची की फाटकाशी चहा पिणारी माणसं कप हातात धरून बघत राहायची. मुलींच्या शर्यतीत आम्ही अर्ध्या चाकाने पहिल्या आलो. त्या दिवशी तिने आधी मला पुसलं आणि मग स्वतःचा घाम.

पुढे तिला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. लग्न झालं, भूमिका ही मुलगी झाली, दारात स्कूटर आली. मी मागच्या व्हरांड्यात खुंटीला टांगली गेले. माझ्यावर ओले टॉवेल वाळायचे. टायरला चिरा पडल्या, चेन गंजून एकसंध झाली. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त कोणी जवळून गेलं की वाटायचं, निदान एक पायडल तरी फिरवून बघा.

कलावती रिटायर झाली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. वैशाली नगरच्या नव्या घरी सामान जाऊ लागलं. भंगारवाला दारात उभा राहिला. भूमिकाने मला खुंटीवरून काढलं.

"आई, हे देऊन टाकू ना? आता कोण चालवते?"

"मी चालवतो," कलावती म्हणाली. "पंचफुलाबाईच्या गावाले जाईन म्हणतो."

पंचफुलाबाई म्हणजे तिची थोरली बहीण. तिचं गाव भिलाईला लागूनच्या मरोद्याच्या पुढे, आणि शेवटचे बारा किलोमीटर नुसता मुरूम.

"साठ वर्षांची झाली तू. पडशील ना."

"नाही जमलं तर वापस आल्यावर मीच भंगारात देतो. मंग तर झालं?"

भूमिकाने भंगारवाल्याला परत पाठवलं.

मरोद्याचा बाबुलाल मिस्त्री माझ्याभोवती दोनदा फिरला. चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये त्याने बोट घालून पाहिलं. "बाई, सांगाडा एक नंबर हाय. पण ह्या बारीक टायरनं मुरमावर घसरान. जाड टायर पाहिजे, अन् इथं जागाच नाही."

त्याने तोड काढली. जुन्या रिमांच्या जागी किंचित लहान रिमा बसवल्या, म्हणजे जाड, खाचांचे टायर मावले आणि चिखलालाही जागा उरली. पण माझे जुने ब्रेक नव्या रिमेपर्यंत पोचेनात. रबर टायरलाच घासू लागलं. बाबुलालने डोकं खाजवलं. त्या दिवशी मला वाटलं, संपलं. आठवड्याने रायपूरहून लांब दांड्यांचे ब्रेक आले आणि बरोबर बसले. पुढचं दातेरी चाक त्याने लहान केलं, मागची मोठी, म्हणजे चढावर पाय हलके पडावेत. हँडल रुंद आणि उंच केलं. रंगाला मात्र कलावतीने हात लावू दिला नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही निघालो. मागे स्कूटीवर भूमिका, तिच्या पिशवीत पाणी, मलम आणि पट्ट्या. डांबर संपलं. पहिल्या खड्यांवर कलावतीची पकड घट्ट झाली. मी घसरले नाही. किलोमीटरभरात तिची बोटं सैल झाली, आणि मग ती गुणगुणू लागली.

पुढे नाल्यात वाळू होती. कलावतीने गियर हलका केला, नजर पलीकडच्या काठावर ठेवली आणि आम्ही पार झालो. मागे स्कूटीचं चाक वाळूत रुतलं होतं. कलावती परत गेली. मायलेकींनी हसत हसत ढकलून ती बाहेर काढली.

पंचफुलाबाई अंगणात तूर पाखडत होती. "कावून वो, सायकलनं आली? बस बंद हाय का?"

"बस चालू हाय, बाई. मीबी चालू हाओ."

पंचफुलाबाईने सूप खाली ठेवलं आणि बहिणीच्या धुळीने लाल झालेल्या गालांवरून हात फिरवला. नंतर तिने मलाही अंगणातल्या सावलीत नेऊन उभं केलं.

जेवण झाल्यावर भूमिका माझ्याजवळ आली. तिने हँडल धरून पाहिलं. "आई, जाताना स्कूटी तू घे. मले ही चालवून पाहायची हाय."

मित्रांनो, त्या परतीच्या वाटेवर भूमिका दोनदा डगमगली आणि मोठ्याने हसली. मागून स्कूटीवर कलावती सांगत होती, "ब्रेक नको दाबू, गियर हलका कर."

तुमच्याही घरी एखादी सायकल टांगलेली असेल. तिला खाली उतरवा. चेनला तेल द्या आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवा. बाकीचं चालवता चालवता जमेल.