लाल चौकट

"पाठवा. बटण," फोनमधली बाई तिसऱ्यांदा म्हणाली आणि गप्प झाली.

मालिशवाल्याने बटण पुन्हा दाबलं. पुढे काहीच नाही. अर्ज गेला म्हणावं तर तसं ती सांगत नव्हती, आणि नाही गेला म्हणावं तर तेही नाही. एरवी ही बाई भलतीच बडबडी. बोट फिरेल तिथलं सगळं वाचून दाखवायची, जाहिरातीसुद्धा सोडायची नाही. आज ऐन वेळी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. इस्पितळात लोकांच्या आखडलेल्या पाठी तो मोकळ्या करायचा. चुकीच्या जागी दाबलं की माणूस कण्हतो, निदान त्याचा श्वास तरी अडकतो. या काचेला कुठे दुखतंय तेच कळेना. त्याने नाव ऐकलं, कर्मचारी क्रमांक ऐकला, जन्मतारीख ऐकली. सगळं बरोबर. मग घोडं पेंड कुठे खात होतं?

इस्पितळाच्या आवारातली, कर्मचाऱ्यांना राहायची एक खोली रिकामी झाली होती आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळपर्यंतच होती. घरात होती फक्त वहिनी, आणि तिलाच तर हे कळू द्यायचं नव्हतं. आई गेल्यापासून तिनेच त्याचं सगळं केलं. चाळिशी उलटली तरी त्याचा चहा ती गार करूनच हातात द्यायची. खोली मिळाली की सांगू, असं त्याने ठरवलं होतं. खरं तर सांगायचा धीरच होत नव्हता.

शेवटी तो हरला. "वहिनी, जरा बघता का? फोन काही बोलतच नाहीये."

ती हात पुसत आली. "अहो भाऊजी, इथे एक चौकट लाल झालीये की! खाली लिहिलंयसुद्धा."

"लाल झालेलं मला कसं कळणार?"

"बनवणाऱ्याला विचारा, त्याला लाल रंग ऐकू येतो का!" ती हसली आणि वाचू लागली. "हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. सध्याच्या घरी काय अडचण आहे ते..."

ती थांबली. बहुधा वरपासून सगळा अर्ज वाचत असावी. मालिशवाल्याची कानशिलं तापली. तो रकाना त्यानेच सोडला होता. भरायलाच हवा, असं फोनमधल्या बाईने कुठे सांगितलं होतं?

"काय लिहू?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, तसं काही..."

"मुदत आजची आहे भाऊजी. काहीतरी लिहायला हवं."

त्याला जायचंही होतं, आणि तिने रागावून अडवावं असंही वाटत होतं. तेवढ्यात तिची बोटं काचेवर वाजू लागली. जाहिराती वाचायच्या त्याच आवाजात बाईने वाचलं, "अडचण काही नाही. स्वतःचं दार स्वतःच्या किल्लीने उघडायचं आहे."

मग, "पाठवा. बटण." पुन्हा शांतता.

"वहिनी, लाल गेलं का?"

"गेलं," ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळाने तिने नेहमीसारखा कप त्याच्या हातात दिला. चहा कढत होता. ती विसरली, रागावली, की मुद्दामच तसा दिला, त्याला कळेना. विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि मग चहावर स्वतःच फुंकर घालू लागला.