पाणी अजून तयार नाही

"आज मासे सोडता येणार नाहीत," सुदर्शन मेश्राम म्हणाला. "पाणी अजून तयार नाही."

दुकानाच्या माणसाने आणलेल्या पिशव्या डायलिसिस हॉलच्या फरशीवर मांडल्या होत्या. हवा भरून फुगलेल्या. प्रत्येकीत पाच-सहा मासे, एकाच बाजूला तोंड करून.

"तयार नाही म्हणजे?" प्रशासन अधिकारी अनिरुद्ध पाटणकर म्हणाला. "एकोणीस दिवस टाकी भरून ठेवलीय. पाण्याला अजून काय शिकायचंय?"

सुदर्शनने हातातली काचेची नळी उजेडात धरली. आतलं पाणी गडद जांभळं झालं होतं. "हा रंग जायला हवा. अजून पंधरा-वीस दिवस. आत्ता सोडले तर मरतील."

"अकरा वाजता श्रद्धाताई येतायत. फोटोग्राफर सांगितलाय. त्यांना काय, ही जांभळी नळी दाखवू?"

सुदर्शन जागचा हलला नाही. तेव्हा अनिरुद्धने स्वतःच कात्री मागवली, पिशव्या कापल्या आणि मासे पाण्यासकट टाकीत ओतले. चाळीस मासे. श्रद्धाताई आल्या, फीत कापली, सासऱ्यांच्या फोटोला हार घातला. सासरे याच हॉलमध्ये चार वर्षं डायलिसिस घेऊन मग वारले होते, आणि खुर्चीत बसल्याबसल्या समोरच्या भिंतीकडे बघायला काहीतरी हवं असं म्हणायचे. म्हणून त्यांनी ही टाकी देणगी दिली होती. बोलताना त्या फोटोकडेच बघत होत्या. त्यात खोटं काही नव्हतं.

हडपसरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात सुदर्शन चोवीस वर्षं डायलिसिस टेक्निशियन होता. भंडाऱ्याहून डिप्लोमा करायला पुण्यात आला आणि इथलाच झाला. बोलणंही इथलं झालं होतं. फार रागावला तरच गावाकडचं तोंडात यायचं. सकाळी सहाला तो पहिल्यांदा पाण्याच्या प्लांटच्या खोलीत जायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिथे कोळशाच्या मोठ्या टाकीतून गाळून काढलं जातं. गाळलेलं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, थांबायचं. पाणी नितळ राहिलं तर वहीत 'शून्य' लिहायचं. पिवळं झालं तर मशिन सुरू करायची नाहीत, कारण तेच पाणी माणसाच्या रक्ताजवळून जाणार. क्लोरीन राहिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

तो कोळसा बदलायची मुदत केव्हाच उलटली होती. सुदर्शनने पाच अर्ज दिले होते. "पुढच्या महिन्यात बघू," हे उत्तर पाचही वेळा मिळालं. नळी पिवळसर दिसली की तो कोळशाची टाकी उलट्या धारेने अर्धा-पाऊण तास धुऊन काढायचा, पुन्हा तपासायचा, आणि मग पेशंट बसवायचा. उशीर झाला म्हणून बोलणी खायचा.

माशांची टाकी आली तेव्हा अनिरुद्धने लेखी आदेश काढला: देखभाल श्री. मेश्राम यांच्याकडे. पाण्यातलं तुम्हाला कळतं ना, मग झालं. सुदर्शनने तेही मनापासून घेतलं. कसबा पेठेतल्या एका जुन्या मासेवाल्याकडे दोन रविवार जाऊन बसला, समजून घेतलं, तपासणीची पेटी स्वतःच्या पैशाने आणली.

हे सगळं ज्याने पहिल्यापासून बघितलं तो म्हणजे सीताराम कोद्रे. मांजरी गावचा, दूधसंघाच्या टँकरवरचा निवृत्त ड्रायव्हर. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी, तीन नंबरची खुर्ची. टाकी बरोबर समोर.

"मासं न्हाईत, आन तुम्ही खाणं कुणाला टाकताय?" त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"ते कुजायला टाकतोय," सुदर्शन म्हणाला. "कुजलं की अमोनिया होतो. विष. ते खाणारे जंतू हळूहळू फिल्टरमध्ये वाढतात. पण ते खाऊन दुसरं विष सोडतात, नायट्राइट. मग ते खाणारे वेगळे जंतू यावे लागतात. दोन्ही वस्तीला आले की टाकी तयार. त्यानंतर आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं."

सीतारामने सुई टोचलेला हात न हलवता विचार केला. "म्हंजे हिला अजून किडनीच न्हाई."

"नाही. येतेय."

"मग घाई नका करू बाबा," सीताराम म्हणाला. "बिनकिडनीचं काय असतं ते आमास्नी इचारा." तेव्हापासून तो दर खेपेला नळीचा रंग बघायला मागायचा. अमोनियाचा हिरवा होता तो फिका पडला, मग नायट्राइटचा जांभळा चढला. बायकोला, गोदाबाईला, तो हे घरी जाऊन सांगायचा.

गुरुवारी फोटो झाले. शनिवारी सकाळी पाच मासे उलटे तरंगत होते. बाकीचे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडं उघडत होते. सुदर्शनने एक मेलेला हातात घेऊन कल्ला उचलला. लाल असायला हवा तो चहासारखा तपकिरी झाला होता.

त्याने खाणं बंद केलं. गच्चीवर दिवसभर उन्हात ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी बादल्यांनी खाली आणलं आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं. मासेवाल्याने सांगितलं तसं चिमूट चिमूट मीठ टाकलं. रविवारी सुट्टी होती, तरी आला. मंगळवारपर्यंत बावीस गेले होते.

समोर आठ माणसं खुर्च्यांना बांधल्यासारखी बसलेली. चार तास. मान वळवली तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसायचं. एक मासा सगळ्यांच्या देखत आडवा झाला, सरळ झाला, पुन्हा आडवा झाला. हे तासभर चाललं. मग त्या दिवशी सोबत आलेल्या गोदाबाई उठल्या, पिशवीतून सीतारामच्या पायावर घालायची चादर काढली आणि टाकीवर टाकली.

"असू द्या झाकलेली," त्या म्हणाल्या. "बघायचं काय त्यात."

अनिरुद्ध फेरीला आला तेव्हा त्याने चादर ओढून काढली. "डोनेशनच्या वस्तूवर चादर? मेश्राम, हे काय स्मशान आहे का?"

"तुम्ही सांगा," सुदर्शन म्हणाला.

शुक्रवारी बैठक बोलावली गेली. श्रद्धाताईंना कोणीतरी फोटो पाठवला होता, आणि त्या फार दुखावल्या होत्या. सुदर्शनने टाकीच्या तपासणीचे आकडे पुढे ठेवले. एकोणिसाव्या दिवशी काय रंग होता आणि आपण काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. त्याबरोबरच कोळशाच्या पाच अर्जांच्या प्रती ठेवल्या.

"हे काय मध्येच?" अनिरुद्धने विचारलं.

"मध्येच नाही," सुदर्शन म्हणाला. "मासे गुदमरून मेले. हवा होती, पण नायट्राइटने रक्त तपकिरी झालं, हवा धरेना. आपल्या पाण्यात क्लोरीन राहिलं तर पेशंटचं हेच होतं. तिथेही मी सांगतोय आणि कोणी ऐकत नाही."

श्रद्धाताईंनी अर्जाचा एक कागद उचलला, वाचला आणि अनिरुद्धकडे पाहिलं. "हे बघून घ्याल ना?"

"घेतो ना मॅडम. प्रोसेसमध्ये आहे."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग चर्चा परत माशांवर आली.

टाकीसाठी बाहेरची एजन्सी नेमायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एजन्सीची माणसं आली. त्यांनी आपल्याकडच्या चालू टाकीतला, जंतू वाढलेला तयार फिल्टर आणून बसवला. अवघ्या तासाभराचं काम. राहिलेले अकरा मासे वाचले, आणि पुढच्या आठवड्यात नवे तीस आले. कोळसा आला नाही.

सुदर्शनला मेमो मिळाला. देखभालीची जबाबदारी असताना आपल्या निष्काळजीपणामुळे मासे दगावले, संस्थेची नाचक्की झाली, पुढील आदेश होईपर्यंत आपण तळमजल्यावरील कपड्यांच्या भांडारात काम पाहावे. पाण्याची तपासणी हॉलच्या इन्चार्ज दीपाली सिस्टर बघतील.

वर जाऊन त्याने दीपाली सिस्टरना सगळं दाखवलं. नळी कुठे धरायची, किती वेळ थांबायचं, पिवळा कसा फसवतो, कोळसा कसा धुवायचा. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा अर्धा जीव हॉलमध्ये होता. कोणाचं तरी मशिन आवाज करत होतं.

भांडारात कांताबाई होत्या. वीस वर्षं चादरी मोजत आलेल्या. "इथं बरंय," त्या म्हणाल्या. "कुणी मरत नाही." तो चादरींच्या घड्या घालायला शिकला. घरी बायकोला त्याने बदली झाली एवढंच सांगितलं. सकाळी मात्र सहालाच येत राहिला. सहा ते आठ भांडारात काही काम नसायचं.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, तो धुतलेल्या चादरी घेऊन वर गेला. नऊ वाजले होते. टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, मासे झुंडीने इकडून तिकडे जात होते. तीन नंबरच्या खुर्चीत सीताराम होता.

"मेश्राम," तो म्हणाला, "मासं आता झ्याक हायेत बघा." मग थोडं थांबून, "आज छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय. डोकं पन धरलंय."

"कधीपासून?"

"बसल्यापासून. त्या पाच नंबरच्या बाई पन तेच म्हनत होत्या."

सुदर्शनने चादरी तिथेच स्टुलावर ठेवल्या आणि प्लांटच्या खोलीत गेला. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. थांबावं लागलं नाही. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. शेजारी वही उघडी होती. कालची नोंद 'शून्य'. आजची 'शून्य'. शुक्रवारची, शनिवारची, आणि पुढे थेट महिनाअखेरपर्यंत 'शून्य', एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं.

तो नळी तशीच हातात घेऊन हॉलमध्ये आला. दीपाली सिस्टरनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आठ पेशंट, दोघी आम्ही," त्या हळू म्हणाल्या. "रोज शून्यच यायचं हो. मला वाटलं…"

"करून काय राहिले तुम्ही?" सुदर्शन म्हणाला. मग लगेच आवाज खाली आणला. "जाऊ द्या. आधी बंद करू. तुम्ही त्या टोकाकडून या, मी इकडून. पाण्याकडची बाजू पहिली बंद. डॉक्टरांना फोन लावा."

अनिरुद्ध धावत आला तेव्हा चार मशिन बंद झाली होती. "कोणाच्या परवानगीने? तुम्ही भांडारात आहात, मेश्राम."

सुदर्शनने पाचव्या मशिनवरचा हात काढला नाही. डॉक्टर आले. त्यांनी नळी बघितली, सीतारामचा आणि पाच नंबरच्या बाईंचा रक्तदाब बघितला, रक्त तपासायला पाठवलं आणि बंद केलेलं चालू करा असं काही म्हटलं नाही. पण सुदर्शनच्या बाजूनेही ते काही बोलले नाहीत. दोघांना ऑक्सिजन लावला. बारापर्यंत सगळे उठून बसण्याइतके बरे झाले. कोणी दगावलं नाही. त्यामुळेच ती गोष्ट पुढे फार मोठी झाली नाही.

साडेबाराला हॉलच्या दारावर कागद लागला: तांत्रिक कारणास्तव डायलिसिस विभाग चार दिवस बंद. त्याच वेळी सुदर्शनला निलंबनाचं पत्र मिळालं. अधिकार नसताना यंत्रसामग्री हाताळली, रुग्णांमध्ये घबराट पसरवली. पत्र देताना अनिरुद्ध म्हणाला, "एका पिवळ्या रंगापायी आठ पेशंट रस्त्यावर आणलेत तुम्ही."

हे मात्र खरं होतं. माणसं बाहेर, सोलापूर रस्त्याच्या बसथांब्यावर उभी होती. जेमतेम दोन तास रक्त शुद्ध झालेलं, हातावर पट्ट्या, आणि परवा कुठे जायचं ते कोणाला माहीत नाही. चार दिवस थांबणं त्यांच्यातल्या कोणालाच परवडणारं नव्हतं.

सुदर्शन बाकावर बसला. निलंबनाच्या पत्राची मागची बाजू कोरी होती. त्याने तिच्यावर आठ नावं लिहिली, समोर प्रत्येकाचं वजन आणि रक्तगट, हे त्याला पाठ होतं. मग ओळखीच्या एकेका केंद्राला फोन लावायला सुरुवात केली. कात्रजला एक जागा मिळाली. कॅम्पात दोन. कुठे "साहेब जेवायला गेलेत", कुठे "आधी फाइल पाठवा". एकेकाला जागा मिळाली की नावावर रेघ मारायची आणि त्या पेशंटला पत्ता आणि वेळ सांगून रिक्षात बसवून द्यायचं.

तीन वाजेपर्यंत सात नावांवर रेघ पडली. सीतारामने आपलं नाव दर वेळी मागे ढकललं होतं. "माझं ऱ्हाऊ द्या. मी जवळचाच हाय." आता तो बाकावर मान टाकून बसला होता आणि त्याचे पाय सुजायला लागले होते. गोदाबाईंनी भाकरीचा एक तुकडा मोडून सुदर्शनच्या हातात दिला. त्याने तो हातातच धरला, कारण पलीकडे कोणीतरी फोन उचलला होता.

"शनिवारी सकाळी एक जागा होऊ शकेल," पलीकडची बाई म्हणाली. "पण आपण कोण बोलताय? कुठल्या हॉस्पिटलमधून?"

चोवीस वर्षं या प्रश्नाला तो आधी पद सांगायचा, मग संस्थेचं नाव.

"मी पेशंटसोबत आहे," सुदर्शन म्हणाला. "नाव लिहून घ्या. सीताराम कोद्रे."